मुलाला दयामरण? आधी त्याचे दुखणे तर थांबवा!

गेल्या पंधरवड्यात एका वाचकाचे पत्र आले. पत्र लहानसेच आहे. त्यांच्या पुतण्याला रक्ताचा कर्करोग आहे. दोनदा बरा वाटून तो पुन्हा उलटला. आता मोठ्या इस्पितळातून 'घरी न्या' असे सांगितले आहे. मुलगा ११ वर्षांचा आहे. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "परदेशात म्हणे लहान मुलांनाही दयामरण देतात. आपल्याकडे का देत नाहीत? आमच्याने आता बघवत नाही."

त्यांना मी वेगळे उत्तर पाठवले आहे. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तो कधी ना कधी, बहुधा दाराआडून आणि हलक्या आवाजात, विचारला जातो. म्हणून आज सर्दी-पडसे, मधुमेह बाजूला ठेवून या विषयावर लिहितो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. रोग्याने स्वतः मागितलेले मरण ते इच्छामरण. दुसऱ्या कोणी दयेपोटी दिलेले मरण ते दयामरण. आणि बरे होण्याची आशाच उरली नसताना कृत्रिम श्वासाचे यंत्र, नळ्या वगैरे काढून किंवा मुळातच न लावता निसर्गाला आपले काम करू देणे, ही तिसरी गोष्ट. आपल्याकडे या तिन्हींची सरमिसळ होते आणि मग वाद भलतीकडेच जातो. विष टोचणे वेगळे, आणि मरणाची वाट अडवून न बसणे वेगळे.

परदेशात काय आहे?

वाचकांनी ऐकले आहे ते खोटे नाही. नेदरलँड्समध्ये २००२ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार १२ वर्षांवरील मुलांना काही अटींवर असे मरण मागता येते. १६ वर्षांखालच्या मुलासाठी आईवडिलांची संमती लागते. फेब्रुवारी २०२४ पासून तेथे १ ते १२ वर्षांच्या, असह्य वेदनेत असलेल्या आणि वाचण्याची शक्यता नसलेल्या मुलांसाठीही नियम लागू झाले आहेत. अशी मुले वर्षाला ५ ते १० असतील, असा तेथील सरकारचा अंदाज होता.

बेल्जियमने २०१४ साली वयाची अटच काढून टाकली. मात्र मुलाला आपण काय मागतो आहोत याची समज असली पाहिजे, मानसतज्ज्ञाने ती तपासली पाहिजे, मरण जवळ आलेले असले पाहिजे, शारीरिक वेदना असह्य असल्या पाहिजेत आणि आईवडिलांनी होकार दिला पाहिजे. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत मिळून तेथे तीन मुलांच्या बाबतीत हा कायदा वापरला गेला.

या लोकांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्यांचा मुद्दा साधा आहे. दुखणे वय विचारून येत नाही. मग १८ वर्षांच्या रोग्याला जी सुटका मिळते ती १५ वर्षांच्या रोग्याला का नाकारायची? या प्रश्नाला झटकन देता येईल असे उत्तर माझ्याकडे नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

परंतु एक गोष्ट आपल्या वृत्तपत्रांत क्वचितच छापून येते. बेल्जियमने २००२ साली इच्छामरणाचा कायदा केला, त्याच वर्षी प्रत्येक रोग्याला उपशामक सेवेचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, हक्क देणारा कायदाही केला. म्हणजे जो मुलगा तेथे मरण मागतो, त्याच्या उशाशी वेदनाशमनाची औषधे, परिचारिका आणि जाणकार डॉक्टर असतात. आपल्या मुलाच्या उशाशी काय असते?

आपला कायदा

आपल्या देशात औषध टोचून मरण देणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही दयेचा असो. सज्ञान माणसाने स्वतःच्या संमतीने मरण पत्करले असेल तर मारणाऱ्याचा गुन्हा 'खून' न ठरता त्याखालचा सदोष मनुष्यवध ठरतो. जुन्या दंडविधानातला हा अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तसाच आहे. परंतु त्याला १८ वर्षांची अट आहे. मुलाच्या संमतीला येथे कायद्याच्या लेखी किंमत नाही. आईबापांनी सांगितले म्हणून डॉक्टरने इंजेक्शन दिले, तर तो खूनच.

उपचार थांबवण्याची गोष्ट निराळी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. तेथल्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखे सांभाळले. त्यांच्यासंबंधीच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मरणाची विनंती नाकारली, पण निरर्थक उपचार थांबवण्याचा मार्ग प्रथमच मोकळा केला. २०१८ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०२३ साली त्याची किचकट कार्यपद्धती सोपी करण्यात आली. आधी लिहून ठेवायचे इच्छापत्र सज्ञान माणसालाच करता येते. मुलांसाठी वेगळा कायदा नाही. त्यांच्या बाबतीत आईवडील आणि डॉक्टरांची दोन मंडळे मिळून यंत्रे काढण्याचा निर्णय घेऊ शकतात.

१९९९ सालची गोष्ट

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मी एमबीबीएस होऊन गावी दवाखाना टाकला, त्याला तीन वर्षे झाली होती. गावातल्या एका शिंप्याच्या मुलाला मांडीच्या हाडाचा कर्करोग झाला. मुलगा १३ वर्षांचा. मुंबईला पाय काढला, औषधे झाली, तरी आजार फुप्फुसात आणि मणक्यात गेला. मुलाला घरी आणले. शिलाई मशीनच्या आवाजाने मुलगा कळवळायचा म्हणून बापाने मशीन बंद ठेवले. मशीन बंद म्हणून मिळकत बंद.

एके रात्री बाप दवाखाना बंद होण्याच्या वेळी आला. बाकावर बसला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एक इंजेक्शन द्या. पोरगं स्वतः म्हणतंय, झोपेचं औषध द्या, परत उठायचं नाही. माझी जबाबदारी. कुठं बोलणार नाही."

मी म्हणालो, "मास्तर, हे मला करता येणार नाही." कायदा सांगितला. देवावर भरवसा ठेवा, असेही काहीतरी म्हणालो. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला पाहायला गेलो. माझ्याकडे पेंटॅझोसीनचे इंजेक्शन होते, ते दिले. अर्ध्या तासाने त्याचा चेहरा सैल पडला. इंग्लंडात तेव्हा वर्ल्ड कप चालू होता. आदल्या रात्री मरण मागणाऱ्या त्या मुलाने मला विचारले, "डॉक्टर, स्कोअर काय झाला?" बापाने रेडिओ लावून दिला. दोन-अडीच तास मुलगा सामना ऐकत होता. मग औषध उतरले आणि त्याचे ओरडणे पुन्हा सुरू झाले.

तो पुढे ११ दिवस जगला. दिवसाला दोनदा, कधी तीनदा मी इंजेक्शन देत होतो. उरलेला वेळ तो ओरडत होता. रस्त्यावरून जाणारे लोक थांबत.

त्या काळी आमच्या भागात मॉर्फीन मिळत नव्हते. पण खरी गोष्ट अशी की, मी ते शोधलेही नाही. मॉर्फीनची साधी गोळी दर चार तासांनी तोंडाने देता येते, घरच्या माणसालाही देता येते, मुलालाही देता येते, हे मला ठाऊकच नव्हते. वैद्यकीय शिक्षणात मला ते कोणी शिकवले नाही, आणि मीही विचारले नाही. काही वर्षांनी एका प्रशिक्षणात ते शिकलो, तेव्हा पहिली आठवण त्या मुलाची झाली.

आज मागे वळून पाहताना मला वाटते, मी 'नाही' म्हणालो ते बरोबर होते. पण 'नाही' म्हणून हात झटकले, ती माझी चूक होती. मरण नाकारणाऱ्या डॉक्टरवर वेदना थांबवण्याची जबाबदारी दुप्पट येते. मी पहिले केले आणि दुसरे केले नाही.

मागणी कशाची असते?

त्या मुलाला खरोखर मरण हवे होते काय? अडीच तास दुखणे थांबले, तेवढ्यात त्याला स्कोअर हवा झाला. तो मरण मागत नव्हता. तो दुखण्यातून सुटका मागत होता, आणि मरणाखेरीज दुसरी सुटका आम्ही त्याला दाखवली नव्हती.

पुष्कळदा तर मागणी मुलाची नसतेच, ती बघणाऱ्यांची असते. 'बघवत नाही' हे आमच्या वाचकांचे शब्द खरे आहेत. मी ते हिणवत नाही. परंतु 'त्याला सोसवत नाही' आणि 'आम्हाला बघवत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर औषध आहे. दुसरीवर विसावा, मदतीचे हात आणि कोणीतरी सोबतीला रात्र काढणे हा उपाय आहे. दुसऱ्याचे दुःख हलके करण्यासाठी पहिल्याचा जीव घेणे याला दया म्हणता येणार नाही.

सज्ञान माणसाचे वेगळे असते. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न, पाणी, औषध सोडले, तेव्हा त्यांनी आपल्या आयुष्याचा हिशेब स्वतः पुरा केला होता. कोणाला ते पटले, कोणाला नाही. परंतु निर्णय त्यांचा होता. नऊ वर्षांचे मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून बोलते. आई थकली आहे, बाप कर्जात आहे, आपल्यामुळे धाकट्याची शाळा बुडते, हे सगळे त्याला कळते. ते 'मला मरू द्या' म्हणाले, तर ते कोणासाठी म्हणाले हे कोण ठरवणार?

आणि आपला समाज कसा आहे तेही विसरू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या, आणि बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंग तपासणीला आपल्या राज्याने १९८८ सालीच, देशात सर्वांआधी, कायद्याने बंदी घातली होती. तरी ही गत. ज्या समाजात डॉक्टर आणि घरचे मिळून मुलीला जन्माआधीच वाटेला लावू शकतात, तेथे आजारी मुलीसाठी, मतिमंद मुलासाठी, गरिबाच्या लेकरासाठी 'दयामरणा'चा अर्ज किती लवकर भरला जाईल, याचा विचार करा. उपचाराला लाखो रुपये आणि मरणाला एक इंजेक्शन, असा भाव असेल तर निवड मोकळ्या मनाने होत नाही.

वेदना थांबवता येते

आता दुसरी गोष्ट. २०१६ साली नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. तिचाही रक्ताचा कर्करोग उलटला होता, हाडे ठणकत होती. या वेळी मी तिच्या वडिलांना पुण्याच्या एका उपशामक सेवा केंद्रात पाठवले. तेथून मॉर्फीन सुरू झाले. दर चार तासांनी औषध, घड्याळ लावून. मॉर्फीनने बद्धकोष्ठ होतेच, म्हणून सोबत रेचक. रात्रीचा डोस आजी द्यायची. मुलगी सात आठवडे घरी राहिली. त्यात दोनदा वर्गमैत्रिणी येऊन गेल्या, एकदा ती स्वतः जत्रेला जाऊन आली. मरण टळले नाही. पण तिने किंवा घरच्यांनी एकदाही माझ्याजवळ इंजेक्शन मागितले नाही.

मॉर्फीनचे नाव काढले की लोक घाबरतात. 'आता शेवटच' असे समजतात, व्यसन लागेल म्हणतात. योग्य मात्रेत, दुखण्याच्या प्रमाणात हळूहळू वाढवत नेले तर ते रोग्याला मारत नाही. दुखण्यासाठी घेणाऱ्या रोग्याला व्यसन लागणे हीही विरळा गोष्ट आहे. मॉर्फीन देणे म्हणजे दयामरण नव्हे. काही थोड्या मुलांचे दुखणे एवढ्यानेही आवरत नाही. त्यांना जाणकार डॉक्टरच्या देखरेखीखाली ग्लानीत ठेवता येते. त्यातही हेतू त्रास थांबवण्याचा असतो, जीव घेण्याचा नव्हे.

मग हे औषध मिळत का नाही? विचित्र गोष्ट पाहा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. मॉर्फीन त्याच अफूतून निघते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी भानगड केली की औषधाच्या दुकानांनी आणि इस्पितळांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली हा कायदा दुरुस्त झाला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध प्रशासनाची एक परवानगी पुरते. कायदा सुधारला, पण आपली सवय सुधारली नाही. केरळात मात्र १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम गावोगाव गेले. शेजारीपाजारी शिकून रोग्याच्या घरी जाऊ लागले. २००८ साली त्या राज्याने या सेवेचे धोरणच केले. केरळात जमते ते आपल्या जिल्ह्यात न जमण्याचे कारण नाही.

मुलाशी खरे बोला

त्या मुलीच्या घरी सगळे तिला 'तू बरी होणार' असे सांगत होते. एके दिवशी तिने आजीला विचारले, "मी गेल्यावर माझी सायकल कोणाला देणार?" आजी रडत माझ्याकडे आली. तिला मी म्हटले, "आजी, तिला ठाऊक आहे. तुम्हीच ठाऊक नसल्याचे सोंग करताय." सायकल तिच्या सांगण्यावरून चुलतभावाला दिली. त्यानंतर मुलगी शांत झाली, कारण तिला आता एकटीने ते गुपित सांभाळायचे नव्हते.

स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या ४२९ पालकांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४७ जणांनी मुलाशी मरणाबद्दल बोलणे केले होते. त्यांतल्या एकालाही नंतर पश्चात्ताप झाला नव्हता. जे बोलले नव्हते, त्यांच्यापैकी चौघांत एकाहून थोड्या अधिक जणांना हळहळ राहिली होती.

मग काय करावे?

घरात असे मूल असेल तर डॉक्टरला तीन प्रश्न विचारा. एक, याचे दुखणे थांबवायला मॉर्फीन लागेल काय आणि ते कोठे मिळेल? दोन, यापुढच्या कोणत्या तपासण्या, सलाईन, यंत्रे याला उपयोगाची नाहीत, आणि ती न करण्याचे आपण आताच ठरवू शकतो काय? तीन, रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला बोलवायचे? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर जिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सकांना भेटा. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. ती सोय आपल्या जिल्ह्यात नसेल, तर ती मागणे हा आपला हक्क आहे. रस्त्यासाठी आणि एसटीच्या थांब्यासाठी आपण निवेदने देतोच ना?

शेजारात असे घर असेल तर 'देवाची मर्जी' म्हणून परत फिरू नका. एक रात्र तुम्ही जागा, आईला झोपू द्या. धाकट्या भावंडाला चार दिवस जेवायला बोलवा.

माझे मत असे आहे: शेवटच्या अवस्थेतल्या मुलाला यंत्राला बांधून मरण लांबवू नये. त्याला इंजेक्शन देऊन मारूही नये. आणि दुखत तर मुळीच ठेवू नये. बेल्जियमच्या आईबापांच्या निर्णयाचा न्याय करायला मी बसलेलो नाही. ज्या दिवशी आपल्या प्रत्येक तालुक्यात मॉर्फीनची गोळी मिळेल आणि तरीही एखादे मूल कळवळून मरण मागेल, त्या दिवशी हा प्रश्न मला पुन्हा विचारा, मी पुन्हा विचार करीन. आज तो विचारणे म्हणजे तहानेल्याला पाणी न देता 'तुला मरायचे आहे का' असे विचारण्यासारखे आहे.

तो शिंपी अजून गावात आहे. दुकान आता त्याचा धाकटा मुलगा चालवतो. माझे शर्ट मी तेथेच शिवतो. त्या रात्रीबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही. हा लेख त्याच्या वाचनात आला, तर माझे तेव्हा राहिलेले उत्तर त्याला मिळेल.

वाचकांनी आपली मते आणि अनुभव अवश्य कळवावेत.